अफूची उसनवारी : ताण, प्रतिकारशक्ती आणि शरीराचा हिशोब

एखाद्याला गोड बोलून गुंगवून ठेवणे, याला मराठीत 'अफूची गोळी देणे' म्हणतात. भाषेने हा वाक्प्रचार उगाच घडवलेला नाही. अफूने दुःख नाहीसे होत नाही. दुःखाची वर्दी देणारा पहारेकरी मात्र झोपी जातो. पहारेकरी झोपला की घर शांत वाटते. पण त्याच रात्री घर सर्वांत असुरक्षित असते. वैद्यकशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत अफूविषयी जे शोधून काढले, त्याचे सार याहून फारसे वेगळे नाही. अफू आणि तिच्यापासून किंवा तिच्या धर्तीवर तयार झालेली औषधे शरीरातील ताणाची व्यवस्था आणि रोगप्रतिकाराची व्यवस्था या दोन्हींना एकाच वेळी हात घालतात.

हा विषय बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात देऊळगाव राजा तालुक्यातील अंढेरा येथे शेतात लावलेली अफूची झाडे पोलिसांनी जप्त केली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. अफूची परवानाधारक शेती केंद्र सरकारच्या देखरेखीखाली मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांतच होते. महाराष्ट्रात तिला परवाना नाही. परंतु अफूची नातलग औषधे मात्र खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा प्रत्येक बाजारपेठेत कायदेशीरपणे उपलब्ध आहेत. कंबरदुखीवरील ट्रामाडॉल, खोकल्याच्या औषधातील कोडीन, शस्त्रक्रियेनंतरचे फेंटानिल, कर्करुग्णाला मिळणारे मॉर्फिन, ही सारी एकाच कुळातील. त्यांना एकत्रितपणे ओपिऑइड म्हणतात. म्हणून प्रश्न केवळ व्यसनी माणसाचा नाही. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने एकच गोळी घेणाऱ्या आजीचाही आहे.

जुना समज, नवा शोध

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि अन्य प्रांतांप्रमाणे येथेही परवान्याच्या दुकानांतून अफू विकली जाऊ लागली. ताप, हगवण, खोकला, थकवा, म्हातारपणातील सांधेदुखी, अशा सर्व तक्रारींवर थोडीशी अफू गुणकारी असते, असा लोकांचा दृढ समज होता. मारवाडात तर लग्नकार्यात आणि मृत्यूप्रसंगी पाहुण्यांना 'अमल' पुढे करण्याची रीत होती. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने अफूविषयी एक शाही आयोग नेमला. अफू हिवतापापासून बचाव करते आणि कष्टकऱ्याला बळ देते, असे अनेक साक्षीदारांनी आयोगापुढे सांगितले. १८९५ च्या अहवालात आयोगाने अफूविक्रीवर बंदी घालण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला. त्यात सरकारच्या महसुलाचाही मोठा वाटा होता, हे उघड आहे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या कान्ताकुझेन या रुमानियन शास्त्रज्ञाने नेमकी उलट गोष्ट दाखवून दिली. शरीरात जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्याकडे धाव घेतात आणि त्यांना गिळून टाकतात. ज्या प्राण्यांना अफू दिली होती, त्यांच्यातील या पेशी मंदावल्या आणि पटकीच्या जंतूंपुढे ते प्राणी तग धरू शकले नाहीत. अफू रोगापासून रक्षण करीत नाही, उलट रक्षकांनाच गुंगी आणते, याचा हा पहिला ठोस पुरावा मानला जातो. योगायोग असा, की त्याच १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइन हे खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले. बाजार आणि विज्ञान एकाच वर्षी विरुद्ध दिशांना चालले होते. त्यात बराच काळ बाजाराचेच ऐकले गेले.

मुंबईत १९२२ च्या सुमारास सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स यांनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. कामावर असताना बाळ रडू नये म्हणून जवळजवळ सर्वच माता त्याला अफू देतात, असे त्यांना आढळले. त्यांनी हे प्रमाण शेकडा ९८ नोंदवले. बाळ झोपे, म्हणून ते शांत आहे असे वाटे. प्रत्यक्षात त्याची भूक मंदावे, श्वास उथळ होई आणि साध्या आजारालाही ते बळी पडे. भारतात वैद्यकीय कारणाखेरीज अफूची विक्री १९५९ मध्ये थांबली. परंतु 'चिमूटभर दिली तर काय बिघडते' हा समज मात्र काही घरांत अजून मागे रेंगाळतो.

ताणाची साखळी

अफू नेमके काय बिघडवते हे समजण्यासाठी आधी शरीराची निरोगी व्यवस्था पाहिली पाहिजे. संकट समोर आले, मग ते अपघात असो, ताप असो वा उपाशीपण असो, मेंदूतील अधश्चेतक हा भाग पहिला इशारा देतो. तो इशारा मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीकडे जातो. ती एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. कॉर्टिसॉल रक्तातील साखर टिकवते, रक्तदाब सांभाळते आणि दाह आटोक्यात ठेवते. पहाटे ते वाढते, म्हणून माणूस ताजातवाना उठतो. रात्री ते उतरते, म्हणून झोप येते. ताण हा शब्द सर्वत्र वाईट अर्थाने वापरला जात असला, तरी ताणाचे हे संप्रेरक नसेल तर माणूस साध्या तापातही कोसळेल.

निसर्गाची योजना इतकी नेटकी आहे की धोक्याची घंटा आणि वेदनेवरचे मलम एकाच मुशीतून निघतात. पीयूषिकेत एक मोठे प्रथिन तयार होते. त्याचे तुकडे झाले की एका तुकड्यातून एसीटीएच मिळते, तर दुसऱ्यातून बीटा-एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचे स्वतःचे वेदनाशामक. १९७३ मध्ये मेंदूत अफूसाठी जणू तयार ठेवलेली कुलुपे, म्हणजे ग्राही, सापडली. झाडाच्या चिकासाठी मेंदूत कुलुपे कशाला असतील, असा प्रश्न तेव्हा शास्त्रज्ञांना पडला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी त्याचे उत्तर दिले : ही कुलुपे शरीराच्या स्वतःच्या किल्ल्यांसाठी आहेत, अफूची किल्ली केवळ योगायोगाने त्यांत बसते.

शरीराची किल्ली क्षणभर फिरते आणि बाहेर येते. बाहेरून आलेल्या मॉर्फिनची किल्ली मात्र कुलुपात तासन्‌तास अडकून राहते. घंटा वाजवणाऱ्या अधश्चेतकावरही हीच कुलुपे असल्याने तो गप्प होतो. मग एसीटीएच घटते आणि कॉर्टिसॉलही घटते. सुरुवातीला हीच गोष्ट 'मन शांत झाले' अशी जाणवते. काही महिने असेच चालले, तर मागणीच येत नाही म्हणून अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. दुकानाला महिनोन्‌महिने गिऱ्हाईकच आले नाही तर माल भरणे बंद होते आणि अचानक मोठी मागणी आली की कपाटे रिकामी सापडतात, तसेच हे. सततचा थकवा, भूक न लागणे, वजन उतरणे, मळमळ, उभे राहताच भोवळ येणे, ही या अवस्थेची लक्षणे. ती इतकी साधी आहेत की घरातील माणसे 'वय झाले' म्हणून सोडून देतात. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्वच ओपिऑइड औषधांच्या माहितीपत्रकांत अधिवृक्क ग्रंथींच्या या दुर्बलतेचा इशारा समाविष्ट करण्यास सांगितले. ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास पुरुषांतील आणि स्त्रियांतील लैंगिक संप्रेरकेही घटतात, असेही त्यात नमूद होते. त्यामुळे पाळी अनियमित होणे, अपत्यप्राप्तीत अडचण येणे, हाडे ठिसूळ होणे असे परिणाम दिसू शकतात.

उतरती लाट

हिशोबाची दुसरी बाजू औषधाचा अंमल उतरताना दिसते. मेंदूच्या देठात एक लहानसे निळसर केंद्र आहे. सावधपणा, हृदयाची धडधड, घाम या गोष्टी त्याच्या ताब्यात असतात. अफू त्यालाही दाबून ठेवते. शरीर मात्र हा दाब निमूटपणे सोसत नाही. ते हळूहळू त्या केंद्राची ताकद वाढवते. त्यामुळे अफूचा हात निघताच दाबून ठेवलेली स्प्रिंग उसळावी तसे ते केंद्र उसळते. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर शहारे, पोटात मुरडा, जुलाब, अस्वस्थता, रात्रभर झोप नाही, असा तो त्रास असतो. त्या वेळी कॉर्टिसॉलही एकदम वाढते. ज्या ताणापासून सुटका हवी म्हणून गोळी घेतली, तो ताण व्याजासह परत येतो. तो टाळण्यासाठी पुढची गोळी, आणि तिचा अंमल संपला की पुन्हा तेच. थोड्या वेळापुरती असर असणारे पदार्थ दिवसातून अनेकदा घेणाऱ्या माणसाची ताणव्यवस्था अशी रोज अनेकदा तळाशी जाते आणि शिखरावर चढते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९६४ पासून व्हिन्सेंट डोल, मारी नायस्वँडर आणि मेरी जीन क्रीक यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. हेरॉइनवर अवलंबून असलेल्या रुग्णांना मेथाडोन हे दीर्घकाळ आणि संथ परिणाम करणारे औषध दररोज ठरावीक प्रमाणात दिल्यास ही चढउतार थांबते आणि काही महिन्यांत ताणाची संप्रेरके पुन्हा नेहमीच्या लयीत येतात, असे क्रीक यांच्या पुढील संशोधनात दिसून आले. भारतातही शासकीय केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे याच तत्त्वावर दिली जातात. 'एक व्यसन सोडवून दुसरे लावले' असा या उपचारावर आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. विखुरलेली कर्जे एकत्र करून एका ठरावीक हप्त्याने फेडावीत, तसा हा मार्ग आहे. हप्ता आहे म्हणजे कर्ज वाढते आहे, असे होत नाही.

रक्षकांची गुंगी

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. येथे एक शंका साहजिक आहे. कॉर्टिसॉल वाढले की प्रतिकारशक्ती दबते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मग अफूने कॉर्टिसॉल घटत असेल तर प्रतिकारशक्ती वाढायला नको का? उत्तर असे, की प्रतिकारशक्तीला कॉर्टिसॉल योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात लागते. शिवाय अफू केवळ मेंदूमार्गे काम करीत नाही. १९७९ मध्ये शास्त्रज्ञांना असे आढळले, की रोगाशी लढणाऱ्या टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरही मॉर्फिनची कुलुपे आहेत. म्हणजे मॉर्फिन थेट त्या पेशींशीच बोलते. जंतू गिळणाऱ्या पेशींची धाव मंदावते, विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात त्यांत घोळ होतो. औषधाचा अंमल उतरताना उसळणारे कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनॅलिनच्या जातीची संप्रेरके त्याच पेशींना पुन्हा दुसऱ्या बाजूने दाबतात.

तिसरा मार्ग पोटातून जातो. अफूने बद्धकोष्ठ होते हे सर्वांना ठाऊक आहे. हगवणीवर ती दिली जाई ती यामुळेच. आतड्यांची हालचाल थांबली की आतील जंतूंचा समतोल बिघडतो आणि आतड्याचे अस्तर विरळ होते. प्राण्यांवरील अभ्यासांत जंतू या फटींतून रक्ताकडे सरकताना दिसले आहेत. चौथा मार्ग फुप्फुसांचा. खोकला हा त्रास वाटत असला तरी तो फुप्फुसांचा झाडू आहे. ओपिऑइड औषधे खोकल्याची उबळ दाबतात आणि श्वास उथळ करतात. त्यामुळे कफ आत साचतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील रुग्णांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी लिहून दिलेली ओपिऑइड औषधे घेणाऱ्यांत न्यूमोकॉकस जंतूच्या गंभीर संसर्गाची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे १.६ पट आढळली. हे लोक व्यसनी नव्हते, तर सामान्य रुग्ण होते, हे येथे महत्त्वाचे.

सगळीच औषधे सारखी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मॉर्फिन आणि फेंटानिल प्रतिकारशक्तीला अधिक दाबतात. ब्युप्रेनॉर्फिन आणि ट्रामाडॉल यांचा हा परिणाम प्रयोगांत कमी दिसला आहे. तसेच उंदरांत मॉर्फिनने ताणाचे संप्रेरक वाढते आणि माणसांत ते घटते, असा महत्त्वाचा फरक आहे. म्हणून प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही दिशा स्पष्ट आहे. वृद्ध, मधुमेही, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि क्षयाच्या संपर्कात आलेले यांनी ही औषधे विनाकारण लांबवू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी, हा शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. तो खोकला कोडीनयुक्त औषधाने दाबून टाकणे म्हणजे क्षयाला घरात लपण्यास जागा देणे होय.

तपश्चर्येच्या काळातील सावधगिरी

जैन कुटुंबांसाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात अनेक जण उपवास, आयंबिल, एकासणे किंवा अठाई करतात. उपवासात औषध घ्यायचे नाही म्हणून नेहमीची गोळी पहिल्याच दिवशी बंद केली जाते. गोळी रक्तदाबाची वा मधुमेहाची असेल तर घरचे डॉक्टरांना विचारतात; पण 'ती तर दुखण्याची साधी गोळी आहे' असे समजून ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉलकडे कोणाचे लक्ष जात नाही. जी व्यक्ती कित्येक महिने रोज अशी गोळी घेत आहे, तिची ताणव्यवस्था सुस्तावलेली असू शकते. उपवास हा शरीराच्या दृष्टीने ताणच असतो. त्या काळात साखर आणि रक्तदाब सांभाळण्यासाठी जादा कॉर्टिसॉल लागते. नेमक्या त्याच वेळी गोळी अचानक थांबल्याने जुलाब, घाम आणि उलट्या सुरू होतात, शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि ते भरून काढण्यास केवळ उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वीच, उपलब्ध असते. चौविहार उपवासात तेही नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आलेला अशक्तपणा तपाचा म्हणून सोसला जातो, वास्तविक तो वैद्यकीय संकटाची सुरुवात असू शकतो.

दुसरा धोका पारण्यानंतरचा आहे. काही दिवस औषध थांबले की शरीराची सवय मोडते. पूर्वी जे प्रमाण सहज सोसत होते, तेच आता जड होते. पारणे झाल्यावर एकदम जुन्या प्रमाणात गोळ्या सुरू केल्यास श्वास मंदावण्याची भीती असते. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेली व्यक्ती एखाद्या वेळी घसरली, तर मृत्यूचा धोका सर्वाधिक असतो तो याच कारणाने.

यावर उपाय कठीण नाही. चातुर्मास सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे ते सांगावे. गोळी कमी करायची असेल तर ती टप्प्याटप्प्याने, कित्येक आठवड्यांत कमी करावी लागते. आवश्यक वाटल्यास सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल तपासता येते. महाराज साहेबांना किंवा साध्वीजींना प्रकृतीची खरी माहिती द्यावी. पच्चक्खाणातच शरीराची समाधी राखण्यासाठी औषध घेण्याचा आगार ठेवलेला असतो, हे त्या सांगतीलच. ज्यांना मोठे तप झेपणार नाही त्यांच्यासाठी बियासणे, नवकारशी असे लहान नियम परंपरेनेच ठेवले आहेत.

मॉर्फिनची भीती कोणी बाळगू नये

इतके वाचून कर्करुग्णाच्या घरात भीती निर्माण होऊ नये, म्हणून हा भाग स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. तीव्र वेदना हाही शरीरावरचा भयंकर ताण आहे. वेदनेने झोप उडते, अन्न जात नाही, कॉर्टिसॉल चढते राहते, माणूस अंथरुणाला खिळतो. आणि या सर्वांनी प्रतिकारशक्ती अधिकच ढासळते. अशा वेळी डॉक्टरांनी मोजून दिलेले मॉर्फिन हे ताण वाढवत नाही, तर कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनांसाठी पायरीपायरीने औषधे वाढवण्याची पद्धत सांगितली आणि वरच्या पायरीवर मॉर्फिनला स्थान दिले.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक परवान्यांमुळे अनेक वर्षे खऱ्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी ही वाट सोपी झाली. बुलढाणा जिल्ह्यातील रुग्ण उपचारासाठी नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे जातात. तेथून मिळालेली मॉर्फिनची गोळी 'अफू आहे' म्हणून घरी आल्यावर लपवून ठेवू नये, तसेच वेदना असह्य होईपर्यंत राखूनही ठेवू नये. ठरलेल्या वेळी ती द्यावी, सोबत बद्धकोष्ठावरचे औषध द्यावे आणि उरलेल्या गोळ्या इतर कोणाच्या हाती लागू देऊ नयेत.

दुकानाच्या फळीवरील धर्म

बावीस अभक्ष्यांत 'विष' हा एक प्रकार आहे आणि अफूची गणना त्यातच होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत 'विषवाणिज्य', म्हणजे विषाचा व्यापार, स्पष्टपणे सांगितला आहे. तरीही एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनकडे जात असता त्या व्यापारात महाजन पेढ्याही होत्या, आणि त्यांत जैन नावेही आढळतात. इतिहास तसा आहे आणि त्याकडे डोळेझाक करून उपयोग नाही. आज समाजातील अनेक कुटुंबे औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न पोथीतला राहिलेला नाही.

२०१४ पासून ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी औषधे अनुसूची 'एच-१' मध्ये आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती नोंदवही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. आयुर्वेदातील अहिफेनयुक्त कल्पही वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावेत, असे औषध नियमांत सांगितले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात तयार होणाऱ्या टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या एकत्रित गोळ्या पश्चिम आफ्रिकेतील रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाले आणि केंद्र सरकारने अशा मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी मागे घेतली. कागदपत्रे पूर्ण होती म्हणून व्यापार निर्दोष ठरत नाही, हे या प्रकरणाने दाखवले. चिठ्ठीशिवाय आलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला एक पट्टी नाकारण्याने दिवसाच्या गल्ल्यात फारसा फरक पडत नाही. त्या घरातील एका माणसाच्या आयुष्यात मात्र पडू शकतो.

कुटुंबाने काय करावे

घरात कोणी सहा-आठ आठवड्यांहून अधिक काळ वेदनाशामक गोळी घेत असेल, तर तिच्या वेष्टनावरील घटक एकदा वाचावेत आणि ते ओपिऑइड आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रिया ठरल्यास किंवा जोराचा ताप आल्यास ही माहिती आवर्जून सांगावी. दीर्घकाळ अशी गोळी घेणाऱ्या व्यक्तीला वारंवार उलट्या, उभे राहताच अंधारी, असाधारण अशक्तपणा किंवा भ्रम जाणवला तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास मंद झाला आणि हाक मारूनही जाग येत नसेल, तर १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. नॅलॉक्सोन हे औषध वेळेत मिळाले तर असा रुग्ण वाचतो. लहान बाळाला अफू कोणत्याही रूपात, कोणाच्याही सांगण्यावरून, तिळाएवढीही देऊ नये. बाळगुटीच्या वनौषधींत अफूला जागा नाही.

आणि घरातील कोणाला सवय जडली असेल, तर घराण्याच्या नावासाठी ती लपवू नये. खोलीत कोंडून, शपथा घालून सोडवलेली अफू बहुधा परत येते. कारण शपथ मनाला घातली जाते आणि उसळलेली स्प्रिंग शरीरात असते. केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्ती मदत क्रमांक निःशुल्क आहे, आणि तेथे बोलणाऱ्याला आपले आडनाव सांगावे लागत नाही. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केले तर सुस्तावलेल्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत पुन्हा कामाला लागतात, पहाटेचे कॉर्टिसॉल पुन्हा वाढू लागते आणि रक्तातील पांढऱ्या पेशीही सावध होतात. एवढा काळ घरातील माणसांनी धीर धरला, हिशोब मागितला नाही आणि टोमणे मारले नाहीत, तर रुग्णाला औषधाइतकाच त्याचाही आधार होतो.